परेश वर्तकांचा अंगठा

नाव: परेश मनोहर वर्तक. वय: पंचावन्न. राहणार: सेम्बावांग. पदनाम: सीनियर टेक्निशियन. कामाचे स्वरूप: ग्राहकांच्या मौल्यवान घड्याळांच्या पोलादी पृष्ठभागास मूळ स्वरूप प्राप्त करून देणे. सदर कर्मचाऱ्याची ओळख अंगठ्याच्या ठशावरून निश्चित करण्यात आली असून, त्यास पॉलिशिंग रूममध्ये प्रवेशाचा अधिकार प्रदान करण्यात आला आहे.

क्वीन्सटाउनच्या एका घड्याळ दुरुस्ती केंद्राच्या कॉम्प्युटरमध्ये वर्तकांविषयी एवढं लिहून ठेवलेलं आहे.

मूळ स्वरूप प्राप्त करून देणे म्हणजे काय, तर रॅफल्स प्लेसच्या बँकेतला कोणी साहेब दिवसभर मनगट टेबलावर घासतो. एके दिवशी त्याला घड्याळावर ओरखडे दिसतात आणि चैन पडेनासं होतं. मग ते घड्याळ वर्तकांकडे येतं. आतलं यंत्र काढलेली रिकामी केस ते हातात धरतात, ज्या कडा आरशासारख्या राहायच्या त्यांच्यावर टेप चिकटवतात, आणि सपाट पट्टीवर ताणलेला बारीक पॉलिश पेपर उरलेल्या भागावरून ओढतात. ओढायचा, उचलायचा, पुन्हा ओढायचा. मागे आणायचा नाही. मागे आणला की पोलादावरच्या बारीक रेषा विस्कटतात आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. पोलाद मात्र दर वेळी थोडं थोडं कमी होतं, हे साहेबाला कोणी सांगत नाही.

याआधी वर्तक सेम्बावांगच्या गोदीत जहाजांचे शाफ्ट घासत. शाफ्ट मांडीएवढा होता, हे काम नखाएवढं आहे. दमायला तेवढंच होतं.

बोटांवर घालायला रबरी टोप्या मिळतात. वर्तक त्या घालत नाहीत. रबरातून पोलाद तापलंय का, बाक आलाय का, ते कळत नाही. त्यामुळे पेपर जसा घड्याळांवरून गेला तसा त्यांच्या बोटांवरूनही जात राहिला. यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं. मग पॉलिशिंग रूमला नवं कुलूप आलं, अंगठा ठेवून उघडणारं.

"काका, जरा दाबून ठेवा ना," एचआरची अदिती म्हणाली. ती पुण्याची, ऑफिसात वर्तकांशी मराठी बोलणारी एकटीच.

"याहून दाबला तर मशीन फुटेल."

"दुसरं बोट बघू. हे? आणि हे?" दहाही बोटं झाली. अदितीने त्यांचा अंगठा खिडकीशी नेऊन पाहिला. "काका, इथे काहीच नाहीये हो!"

ठसा नाही त्याला आत प्रवेश नाही, असा नियम. महिनाअखेरीपर्यंत ठसा उमटला नाही तर वर्तकांची बदली पुढच्या काउंटरवर होणार होती. तिथे खुर्ची होती, कोट होता, आणि दिवसभर हसायचं होतं. दमलेल्या माणसाने खरं तर खुर्ची पाहून खूश व्हावं. पण काउंटरवर "अगदी नव्यासारखं झालंय, सर" असं म्हणावं लागतं, आणि वर्तकांना ते खोटं आहे हे माहीत होतं. शिवाय कोणाशी न बोलता दिवस काढता येईल अशी त्यांची जगात एकच जागा होती, ती त्या दाराआड.

डॉक्टर म्हणाले, हाताला विश्रांती द्या, रेषा परत येतील. वर्तकांनी तीन आठवड्यांची रजा टाकली.

मुलगा तन्मय जेवता जेवता म्हणाला, "पा, ऑफिशियली यू डोन्ट एक्झिस्ट, लाह."

"त्यांना हसू नकोस," गिरिजाबाई म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या. पण नवऱ्याला त्यांनी कपसुद्धा विसळू दिला नाही. रात्री तळहाताला खोबरेल तेल लावून देत. तिसऱ्या आठवड्यात अंगठ्यावर खरोखरच फिकट रेषा दिसू लागल्या. वर्तक येताजाता त्या पाहत.

रजेचा शेवटचा रविवार. गिरिजाबाई मंडळाच्या नाटकाच्या तालमीला गेल्या होत्या. वर्तक पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले आणि त्यांची नजर सिंककडे गेली. सिंक नवं, सरळ रेषांच्या पोलादाचं. त्यावर गिरिजाबाईंनी तारेची घासणी गोल गोल फिरवलेली. रेषांवर वर्तुळं. वर्तक पाणी न पिताच उभे राहिले. एक हात मारू, फक्त कोपऱ्यात, असं म्हणून त्यांनी कपाटातून पॉलिश पेपर काढला.

संध्याकाळी गिरिजाबाई परतल्या तेव्हा सिंक झालं होतं. डब्यांची झाकणं झाली होती. कुकर चालू होता, म्हणजे घासणं चालू होतं.

"अहो, हात बघू."

वर्तकांनी हात पुढे केला. अंगठा गुळगुळीत होता.

"तीन आठवडे मी एकटीने भांडी घासली. एकटीने! आणि तुम्ही…" त्यांनी सिंककडे पाहिलं. "दिसतंय मात्र छान," त्या रागानेच म्हणाल्या.

सोमवारी मशीनने वर्तकांना पुन्हा नाकारलं. अदितीने बदलीचा कागद काढला, तेवढ्यात वर्कशॉपचे प्रमुख मिस्टर लिम आले. वर्तकांच्या रजेत बदलीवर आलेल्या माणसाने चार घड्याळांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल करून ठेवल्या होत्या.

"याला काउंटरवर बसवणार?" लिम अदितीला म्हणाले. "हा हसला तर गिऱ्हाईक पळून जाईल."

"पण सर, ठसा?"

लिमनी कॉरिडॉरमध्ये पाहिलं. सफाईवाल्या आंटी सू लादी पुसत होत्या. त्यांनी आंटींना बोलावलं. आंटींनी रबरी हातमोजे काढले. एरवी त्या कामावर असताना ते कधी काढत नाहीत. त्यांनी अंगठा ठेवला आणि मशीनने एका फटक्यात हिरवा दिवा दिला. अदितीने खिडकीबाहेर बघत नाव टाइप केलं: परेश मनोहर वर्तक.

"मी काही पाहिलं नाही हं, काका."

वर्तकांनी आत जाऊन पहिल्या केसवर टेप चिकटवला.

पॉलिशिंग रूमचं दार रोज सकाळी आंटी सू उघडून देतात. बुधवारी आंटींची सुट्टी असते. बुधवारी पॉलिशिंग होत नाही.