लाटण्याचं पेन

मी माझ्या सासूबाईंच्या लाटण्याचं पेन केलं. हे आधीच सांगितलेलं बरं. उशिरा कळलं की लोक जास्त रागावतात.

गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची. पंचवटीतल्या आमच्या घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये, मी जुन्या बाजारातून आणलेला, लाकूड फिरवून कातायचा छोटा लेथ बसवला होता. कचेरीतून आलो की लाकडाची पेनं घडवायची, हा माझा नवा छंद. (माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या भाषेत, नवा कचरा.)

सासूबाईंना जाऊन सहा महिने झाले होते. माझे सासरे अण्णा मनमाडला एकटेच राहत. पूर्वी त्यांचं दर आठवड्याला पत्र येई. सासूबाई गेल्या आणि पत्रं थांबली. सुनंदा रोज पोस्टमनची वाट बघे. म्हटलं, अण्णांना हाताने घडवलेलं पेन द्यावं. लिहितील कदाचित!

माळ्यावर जुन्या लुगड्यात गुंडाळलेला शिसवीचा दांडा सापडला. (लाटणं ओळखू येऊ नये इतका मी स्वयंपाकघरापासून लांब होतो. तो गुन्हा वेगळा.) दांडा कापला, आरपार भोक पाडलं, लेथवर चढवला. पटाशीने आकार दिला, मग पॉलिशपेपर, आधी खरखरीत, मग बारीक. आणखी थोडं, आणखी थोडं करत पहिला तुकडा इतका घासला की तो पापडासारखा तडकला! दुसरा चढवला. तो गरम झाला आणि शेडभर घमघमाट सुटला.

"अगं सुनंदा, ये लवकर! लाकडाला साजूक तुपाचा वास येतोय!"

ती आली. तिची नजर जमिनीवरच्या लुगड्यावर गेली.

"अहो, हे कुठं मिळालं?"

"माळ्यावर. आत एक दांडा होता, उगाच पडून—"

"दांडा नव्हता तो. आईचं लाटणं होतं. ती गेल्यावर मी मनमाडहून आणलेलं."

लेथ फिरतच राहिला. बंद करायचं मला सुचेना. सुनंदाने खाली बसून सगळा भुसा लुगड्यात गोळा केला. ती रडली असती तर बरं झालं असतं.

"पेन अण्णांसाठीच आहे गं," मी पुटपुटलो.

"मग अण्णांनाच सांगा."

रविवारी आम्ही मनमाडला गेलो. गाडीत मी आख्खं भाषण पाठ केलं. अण्णांसमोर त्यातलं एवढंच निघालं, "अण्णा, ते... सासूबाई... लाटणं... पेन!"

शेवटी सुनंदानेच सगळं सांगितलं. अण्णांनी पेन हातात फिरवलं, नाकाजवळ नेलं.

"पत्राखाली तिचंही नाव मीच लिहायचो," ते म्हणाले. "आता एकट्याचं कसं लिहू, म्हणून पेन उचलवत नव्हतं."

त्यांनी ते खिशाला लावलं. आमच्यादेखत काही लिहिलं नाही.

आठवड्याने पोस्टकार्ड आलं. सुनंदाने दारातच मोठ्याने वाचलं.

"चि. सुनंदास आशीर्वाद. पेन गळतं. बोटं निळी होतात, सदरा खराब झाला. पण दुसरं वापरवत नाही. तिचा पोळपाट माझ्याकडेच ठेवतो आहे. जावईबापूंना सांग, त्याचं टेबल करायचं मनात आणू नका."

सुनंदा सहा महिन्यांत पहिल्यांदा हसली. हसता हसता रडली, पुन्हा हसली.

टेबल माझ्या मनात खरंच नव्हतं. मी घड्याळाचा विचार करत होतो.