पाइपाखालची चार माणसं

"नाही म्हणजे नाही, साब! त्यांच्या डोक्यावर फावडं मारायला आम्ही येणार नाही!"

फोरमन पन्नास पावलांवरून ओरडत होता. त्याच्या मागे माझी सहा माणसं फावडी खांद्यावर टाकून उभी होती, आणि वर आभाळ असं भरून आलं होतं की कतारमधल्या माझ्या सगळ्या वर्षांचे ढग मिळूनही तेवढे झाले नसते. फोरमनचं हिंदी मी इथे मराठीत आणलंय. शिव्या तिथेच ठेवल्या.

"अरे, तासाभरात पाऊस येईल! खपली काढली नाही तर पाणी वरच राहील!"

"आधी त्यांच्या घरी कळवा. मग फावडं."

आता ज्यांच्या घरी कळवायचं ती माणसं मीच जन्माला घातली होती आणि मीच मारली होती. ते कसं, ते सांगतो.

मी मूळचा मृदसंधारणातला. मराठवाड्यातल्या डोंगरउतारांवर मी इतके समतल चर खणून घेतले की ते एकाला एक जोडले तर चंद्राला वेढा घालून वर गाठ मारता येईल. खोटं मी बोलत नाही. खऱ्याला जरा खतपाणी घालतो, एवढंच. बायको मूळची पुण्याची, त्यामुळे माझ्या प्रत्येक गोष्टीतून ती निम्मं वजा करूनच ऐकते.

वर्ल्ड कपची तयारी चालू होती. दोह्यात क्रेन एवढ्या झाल्या होत्या की अल सद्दमधल्या आमच्या बाल्कनीत एकीचा हात यायचा आणि बायको त्यावर टॉवेल वाळत घालायची. मला काम मिळालं ते मात्र शहराबाहेर, उत्तरेला मदिनत अश शमालच्या वाटेवर. सगळा देश खडक. मध्येच कुठेतरी परातीसारखी खोलगट जागा लागते, तिला तिथले लोक रौदा म्हणतात. वर्षात दोन-चार सरी पडल्या तर पडल्या, त्यांचं पाणी आजूबाजूची बारीक माती घेऊन तिथे येऊन बसतं. ती माती मऊ, तपकिरी, हातात घेतली तर पिठासारखी. आपल्या बोरीच्या चुलत बहिणी शोभतील अशी तीन झाडंही आमच्या रौद्यात होती.

मधोमध एक जुनी विहीर होती, हातांनी खोदलेली. आम्ही ती खडीने भरली आणि मधून एक जाळीचा पाइप सोडला. पावसाचं पाणी उन्हाने प्यायच्या आत खाली जावं, आसपासच्या शेतांच्या विहिरी खारट होत चालल्यात त्या जरा गोड राहाव्यात, एवढाच हेतू. वर्षभरात खडीवर धुळीची कडक खपली धरते. पावसाआधी ती फावड्याने काढली नाही तर पाणी वर तळ्यासारखं साचतं आणि तीन दिवसांत वाफ होऊन जातं. म्हणजे वर्षाची कमाई गेली.

पण आमचा शत्रू धूळ नव्हती, टिपर होता. शहराला हिरवळ हवी होती. रस्त्याच्या कडेला हिरवळ, पार्कात हिरवळ, आणि हिरवळीला माती. शुक्रवारी सगळे नमाजाला गेले की एखादा टिपर कुंपण वाकवून आत शिरायचा आणि शेकडो वर्षांत साचलेली माती वीस मिनिटांत घेऊन जायचा. पाटी होती, कायदाही होता. टिपर काही पाटी वाचत नाही.

मग मी माझं हत्यार काढलं. तो पाइप श्वास घेतो. खरंच घेतो, हवेचा दाब वाढला की विहीर हवा आत ओढते, उतरला की बाहेर सोडते, आणि जाळीतून असा हुंकार येतो की विज्ञान शिकलेला माणूसही दोन पावलं मागे सरतो. रस्त्यावरच्या करकच्या, म्हणजे तिथल्या कडक दुधाळ चहाच्या दुकानात सगळे ड्रायव्हर थांबायचे. तिथे मी गोष्ट सोडली. विहीर भरताना एक मजूर खाली खडी पसरत होता. वरच्याला वाटलं, तो बाहेर आलाय. अख्खी गाडी ओतली. काठावर त्याचा चौकटीचा टॉवेल राहिला. काम करताना तो शीळ घालायचा. अजूनही घालतो, जाऊन ऐका.

आणि जो ऐकेल तो विचारायचा, "कुठला होता?"

इथे माझी जीभ घसरली. मी म्हणायचो, "तुमच्याच बाजूचा." गोष्ट अंगाला लागावी म्हणून. तेलंगणच्या ड्रायव्हरला सांगितलं करीमनगरचा, नेपाळ्याला सांगितलं पोखऱ्याकडचा, बिहाऱ्याला सिवानचा, बांगलादेश्याला सिल्हेटचा. टिपर बंद झाले. महिनाभर मातीवर एक चाक उमटलं नाही. मी अल सद्दमध्ये सोफ्यावर पाय पसरून एवढा फुगलो की दारातून बाहेर पडताना तिरका व्हायला लागायचो.

पण ही माणसं संध्याकाळी बरवा अल बराहाला परततात, एकाच कामगारवस्तीत राहतात, एकाच नळावर भांडी घासतात. तिथे चार गोष्टी एकमेकींना भेटल्या. आमचा एक गेला. आमचाही एक गेला. कोणीही म्हणालं नाही की असं कसं होईल. माझ्या आयुष्यात एवढी मोठी थाप इतक्या सहज कोणी गिळली नव्हती. मी वाट पाहत होतो, कोणीतरी हसेल, म्हणेल, साब, फेकू नका. कोणी हसलं नाही. एक दिवस पाइपाशी चार कागदी कप दिसले. करक होता, वर साय धरलेली.

बायकोला सांगितलं. तिने सवयीने विचारलं, "यातले निम्मे तरी खरे का?"

मी बाल्कनीत जाऊन तिचा वाळत घातलेला टॉवेल आत आणला.

तर तो दिवस. मी ओरडलो, "भूत-बीत काही नसतं, या इकडे!"

"भुताचं कोण बोलतंय?" फोरमन म्हणाला. "माणसांचं बोलतोय."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण खरं सांगितलं की शुक्रवारी टिपर हजर. मी फावडं उचललं आणि एकटा खपली काढायला लागलो. ढग आले की दाब उतरतो, दाब उतरला की विहीर हवा सोडते. हे मला पाठ होतं. त्या दिवशी पाइप असा घुमत होता की फावड्याचा दांडा हातात थरथरत होता. मग त्या घुमण्यात एक बारीक शीळ आली. ती शीळ मी बनवली होती, चहाच्या दुकानात, दुसऱ्या कपाला. फावड्याच्या पात्याखाली काहीतरी मऊ लागलं. कापड होतं, चौकटीचं. तुम्ही निम्मं वजा करा, मीही केलं. सिमेंटच्या गोणीचा तुकडा असेल म्हणून मी ते उलटून पाहिलं नाही, खडीत परत दाबलं.

पाऊस आला. बोटाएवढ्या सरी. पाणी चहूबाजूंनी तपकिरी होऊन धावत आलं आणि गडगड करत खाली गेलं, एक थेंब वर राहिला नाही. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम ते. माझी माणसं पन्नास पावलांवर भिजत उभी होती, टोप्या काढून.

परतताना फोरमन माझ्या शेजारी बसला.

"घरी कधी कळवणार, साब?"

मी गाडी कडेला घेतली. म्हटलं, टिपर येवोत, माती जावो, आता खलास. सगळं सांगितलं. चहाचं दुकान, टॉवेल, शीळ, करीमनगर, सिवान. "ती गोष्ट मी बनवली. तिथे कोणी मेलं नाही. एकही माणूस नाही."

त्याने ओल्या बाहीने काचेवरची वाफ पुसली.

"ऑफिसातून असंच सांगतात, साब."