नाव न घ्यायचं दुखणं

अवेरोचे हात कोपरापर्यंत निळे होते. त्यावर काही उठलं असतं तरी दिसलं नसतं, आणि बाकीच्या अंगाकडे बघायला तिला वेळ कुठे होता!

अबेओकुट्यात इटोकूच्या बाजारामागे ती पंचवीस वर्षं कापड रंगवत होती. कोंबडीच्या पिसाने कापडावर खळीची नक्षी काढायची, कापड निळीच्या रांजणात बुडवायचं, वर काढून वाऱ्याला धरायचं, पुन्हा बुडवायचं. नवरा गेल्याला सहा वर्षं झाली होती, पण रांजण एक दिवस थंड पडला नव्हता. आता मुलगी रोमोके पहिल्या बाळंतपणाला आली होती. नववा महिना निम्मा सरलेला. मायलेकी एकाच पलंगावर झोपत, आणि दिवसभर उभं राहून आईचे पाय दुखले की रोमोके पोट सांभाळत ते चेपून देई.

सोमवारी अवेरोला ताप भरला. हिवतापच असणार, दुसरं काय असतं? कोपऱ्यावरच्या काढेवालीकडून तिने बाटलीभर कडू काढा आणला आणि नाक दाबून प्याली. गुरुवारी अंघोळ करताना छातीवर पाण्याने भरलेला एक फोड हाताला लागला.

"सोडा उडाला बघ," ती म्हणाली. रंगाच्या पाण्यात कॉस्टिक सोडा घालावा लागतो, आणि असे फोड रंगाऱ्यांच्या अंगावर नेहमीचेच.

"आई, पोलक्याच्या आत कसा उडेल सोडा?"

"पंचवीस वर्षांची ओळख आहे आमची. कुठून शिरायचं ते त्याला बरोबर ठाऊक आहे."

रोमोके हसली. संध्याकाळपर्यंत फोड कानामागे आले, पाठीवर आले, केसांत आले. शुक्रवारी सकाळी जिभेवर दोन होते आणि गार ओगीची पेजसुद्धा गिळवेना.

शेजारची म्हातारी इया लासिसी, म्हणजे लासिसीची आई, रंगवायला दिलेलं कापड मागायला आली. अवेरोने वळून बघितलं तशी म्हातारी उंबऱ्यातच थांबली. चपला काढल्या. गुडघे टेकून जमिनीला हात लावला, आणि तो नमस्कार अवेरोला नव्हता.

"पाहुणा आलाय तुझ्याकडे," ती हळूच म्हणाली.

त्या गावात वाढलेल्या कुणालाही एवढं बोलणं पुरे होतं. जमीन तापली की हा पाहुणा माणसाच्या अंगावर चढतो. तो मोठा मानी. त्याचं नाव घेतलेलं त्याला खपत नाही; तो देईल-नेईल त्याचे आभारच मानायचे.

"चूल विझव आधी," म्हातारीने सांगितलं. "भाजायचं नाही, तळायचं नाही. दुपारच्या उन्हात पाऊल टाकायचं नाही. दाराशी ताडी ओत, जमीन थंड होऊ दे. अंगाला पाम तेल लाव. कुणी विचारलं तर म्हणायचं, बरी आहे, आभारी आहे."

"आणि रोमोके?"

"पोटुशीसमोर तर चकार शब्द काढू नकोस! तिच्या कानावर गेलं की तो तिच्याकडे वळतो."

इतक्यात रोमोकेच आतून आली. "काय गं, काय झालंय आईला?"

"काय व्हायचंय? धट्टीकट्टी आहे," इया लासिसी म्हणाली. "तू आपलं पोट सांभाळ. किती पुढे आलंय! आत पोरगं आहे का रताळ्यांचं पोतं?"

मग अवेरोही गप्प बसली. लेकीला वाचवायचं म्हणूनच गप्प बसली. आणि शुक्रवार, शनिवार, दोन्ही दिवस रोमोके आईच्या पाठीमागे बसून एकेका फोडाला स्वतःच्या बोटाने तेल लावत राहिली.

रविवारी न्हाणीपासून पलंगापर्यंत येताना अवेरोला धाप लागली. खोकला सुरू झाला होता. रोमोकेने कुणाला काही न विचारता टॅक्सी बोलावली.

दवाखान्यातली नर्स परमुलखातली होती. तिला इथल्या पाहुण्याचं काही सोयरसुतक नव्हतं. अवेरोची मान इकडेतिकडे वळवून बघितली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कांजिण्या! या वयात?"

बाकावरच्या बायका एकदम उठल्या. एकीने पाठीवरचं मूल ओढून पुढे घेतलं. दुसरी पुटपुटली, "अगं बाई, बोललीसुद्धा!"

"बोलले नाही तर जाणार आहेत का?" नर्स म्हणाली. तिने छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं. "लहानपणी होतात तेव्हा पोरं चार दिवसांत खेळायला लागतात. मोठ्या माणसाच्या छातीत उतरतात. आज आलात ते बरं झालं. या गोळ्या रोज पाच वेळा घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. हे पांढरं औषध फोडांवर लावा. नखं कापा, खाजवू नका. धाप वाढली तर रात्र असो, दिवस असो, सरळ इथे या." मग तिची नजर रोमोकेच्या पोटावर गेली. "ही कोण?"

"माझी मुलगी."

"एकाच घरात?"

"एकाच पलंगावर."

नर्सचा हात थांबला. "हिला झाल्यात का कधी?"

रोमोकेने आईकडे बघितलं. "मला आठवत नाही. आई?"

"मला ठाऊक नाही," अवेरो म्हणाली.

"तुम्ही आईच ना हिच्या?" नर्सने विचारलं.

आईच होती. पण रोमोके चार वर्षांची असताना नणंद अलाके दारात येऊन उभी राहिली होती: मला मूल नाही, भावाची पोर माझ्याकडे वाढू दे, घरात मूल खेळलं की मूल येतं म्हणतात. असं मागितलेलं मूल नाकारत नाहीत. रोमोके आठ वर्षं इजेबू-ओडेला अलाकेकडे होती. अवेरो वर्षातून दोनदा जायची, दर खेपेला पोर तिला रोडावलेली दिसायची आणि दर खेपेला नणंद-भावजयींची जुंपायची. शेवटी बाराव्या वर्षी ती पोरीला भांडून घेऊन आली. पोरीचे दुधाचे दात कधी पडले हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं.

नर्सने रोमोकेला वजनाला पाठवलं आणि आवाज खाली आणला. "एकदा झाल्या असतील तर बहुतेक भीती नाही. झाल्या नसतील तर दोन-तीन आठवड्यांनी उठतील, म्हणजे ऐन बाळंतपणात. तिच्या छातीत उतरतील ते एक. आणि आईच्या अंगावर ताजे फोड असताना जन्मलेलं मूल..." तिने वाक्य सोडून दिलं. "एक इंजेक्शन असतं, ते लागण झाल्यावर लगेच द्यावं लागतं. आमच्याकडे नाही. लागोसला शोधावं लागेल, आणि मिळेलच असं नाही. रक्त तपासायला पाठवलं तर आठवडा जाईल. माहिती असलेलं कुणी आहे का? आजच विचारा."

घरी आल्यावर अवेरोने रोमोकेला शेजारच्या खोलीत बसवलं, दार लावलं आणि नणंदेला फोन लावला. दोन वर्षांत दोघी सणापुरत्या बोलल्या होत्या.

"कोण? तू?" अलाके म्हणाली. "आज माझी आठवण कशी झाली? निळीचा भाव उतरला का?"

"वन्सं, एक विचारायचंय. रोमोके तुमच्याकडे असताना तिच्या अंगावर कधी काही उठलं होतं?"

"काय उठायचंय? माझं घर स्वच्छ होतं."

"तसं नाही हो..."

"तसंच! पोर वाळली म्हणालीस, मी गिळलं. आता काय, तिला रोग लावला म्हणायचंय? नातू होईल तेव्हा त्याचं नाक चपटं निघालं तरी माझ्याच नावाने खडे फोडशील."

"वन्सं, मला झाल्यात."

"काय झाल्यात?"

अवेरोने डोळे मिटले. जिभेवरचे फोड चुरचुरत होते. आजवर ते नाव तिने तोंडातून काढलं नव्हतं. "कांजिण्या. मला कांजिण्या झाल्यात, आणि पोर माझ्या कुशीत झोपत होती. तिला पूर्वी झाल्या नसतील तर मूल जाईल, कदाचित तीही जाईल. माझ्यावर हवं तेवढं रागवा. पण सांगा."

तिने फोन कानाशी घट्ट धरला.

"झाल्यात," अलाके म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "सात वर्षांची होती. शाळेतून घेऊन आली."

"नक्की ना? मला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही ना?"

"अकरा दिवस. डोक्यात, तळपायांवर, सगळीकडे. मी मोजलेत. बाळ तीन महिन्यांचं होतं तेव्हा."

अवेरो पलंगाच्या कडेला बसली. अलाकेला एक मुलगा झाला होता हे तिला माहीत होतं. रोमोके घरात आल्यानंतर तीन वर्षांनी. तापाने गेला असा निरोप आला होता, आणि ती पोचली तेव्हा अलाके आपल्या भांड्यांच्या दुकानात पातेली पुसत उभी होती. एक टिपूस नव्हतं डोळ्यांत. दगडाची आहे, असं तेव्हा अवेरोच चारचौघींत म्हणाली होती.

"वन्सं, बाळ..."

"ती शाळेतून आली की आधी त्याला उचलायची. मुके घ्यायची. मी कशाला अडवू? तिच्याच पायगुणाने आला होता तो." अलाकेने श्वास घेतला. "पाहुण्याने नेलेल्यासाठी रडायचं नसतं. सासू शेजारी बसून होती. म्हणाली, आभार मान. मी मानले. सात दिवस मानले."

"मला एका शब्दाने सांगायचंत."

"आणि तू पोरीसमोर बोलली असतीस. तुझ्या तोंडात काही राहतं का? भाऊ खाल्ला हे ऐकत वाढली असती ती." मग घाईघाईने, जणू दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, "तिला एवढंच सांग, झाल्यात म्हणून. पुढचं नाही. आणि औषध घे वेळेवर."

फोन ठेवला गेला. मेलेल्याच्या घरी बोलायचे चार शब्द असतात, ते अवेरोच्या ओठांवर आले होते. पण पाहुण्याने नेलेल्यासाठी ते बोलायचे नसतात.

"आई?" दाराबाहेरून रोमोके. "काय म्हणाली आत्या?"

"तुला होऊन गेल्यात. सात वर्षांची होतीस."

दार धाडकन उघडलं. रोमोके रडत होती, हसत होती, पोटावर दोन्ही हात धरून. "मग मला आठवत कसं नाही? बघ ना, दवाखान्यापासून जीव नुसता..." तिने औषधाची बाटली उचलली, आईच्या मागे बसली. "पोलकं वर कर. आता घाबरायचं कारण नाही."

थंडगार औषध पाठीवर लागलं तशी अवेरो शहारली.

"नर्स म्हणाली, तुझ्या खपल्या वाळेपर्यंत बाळाला तुझ्याजवळ द्यायचं नाही," रोमोके म्हणाली. "मग त्याला अंघोळ कोण घालणार? आत्यालाच बोलावूया का? तिला लहान बाळांचं फार वेड होतं गं. तिचं एक बाळ होतं, मला पुसट आठवतंय. मी त्याला कडेवर घ्यायची. ते कशाने गेलं?"

"तापाने," अवेरो म्हणाली.

"मग विचारू तिला?"

"तू नको. मी विचारते."

"आत्ताच लाव ना मग."

अवेरोने फोन हातात घेतला. मागून लेकीचं बोट एकेक फोड शोधत पाठीवरून खाली येत होतं. ती नंबर काढून बसून राहिली.