हौसाचं कॉलेज

मार्चमधल्या त्या शनिवारी सकाळी मी आणि हौसानं युनिव्हर्सिटीच्या मैदानाकडेच्या बाकावर बसून पिशवीभर भाजक्या शेंगा संपवल्या. म्हणजे सोलल्या मी आणि खाल्ल्या तिनं. तिच्या एका हातात फोन होता. फोनवर तिचा भाऊ बबन कोल्हापुरातून फुटबॉलची मॅच सांगत होता. आमच्यासमोर जर्मन पोरं दुसरीच मॅच खेळत होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. "दाणं बगून द्या, मगाशी एक खवट आला," एवढंच ती माझ्याशी बोलली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते.

हौसा माझी बायको. शेहेचाळीस वर्षं संसार केला. तिसरीतून शाळा सुटलेली, पण तोंडात कायम 'आमचं कॉलेज'. जर्मनीत रेगेन्सबर्गला आमचा मुलगा संदीप मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर आहे. त्याच्या ओळखीतली शिकली-सवरलेली मंडळी घरी यायची. कुणी विचारलं, "काकू, तुम्ही कॉलेजला कुठे होता?" तर ही न लाजता सांगायची, "गोलपोस्टाच्या मागं." लोक हसायचे. पण ते खरंच होतं. तिचे वडील कॉलेजच्या मैदानावर गडी होते. गवत कापायचं, जाळी बांधायची, मॅचच्या आदल्या दिवशी चुन्याची फक्की मारून रेषा आखायच्या. गोलपोस्टाच्या मागं पत्र्याची खोली होती, तिथं हिचा जन्म. वर्ग आतून कसा असतो ते तिनं कधी बघितलं नाही. पण कॉलेजच्या टीमची मॅच कुठल्या साली कुणी घालवली हे तिला विचारावं.

आमचं लग्न लागलं त्या दिवशीही कॉलेजची मॅच होती. बबन तेव्हा टीमचा गोलकीपर. आमच्यात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. कान पिळायची वेळ आली तरी बबनचा पत्ता नाही. भटजी घड्याळ बघतोय, माझे मामा तोंड वाकडं करतायत. शेवटी बबन पळत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, हातालाही चिखल. तसाच त्यानं माझा कान धरून पिळला आणि पिळता पिळता कानात म्हणाला, "दोन-शून्य." मला वाटलं ही काही त्यांच्यातली रीत असेल. तेवढ्यात शेजारून मुंडावळ्यांच्या आडून आवाज आला, "काय म्हणाला ओ त्यो? किती?" बायको माझ्याशी बोलली ते पहिलं वाक्य हे. मी म्हणालो, "दोन-शून्य." ती म्हणाली, "कुणाचे दोन?" ते काही मला सांगता येईना. तिनं माझ्याकडे असं बघितलं की बापानं हे कुठलं स्थळ शोधलं.

मी फौंड्रीत साचे भरणारा माणूस. लहानपण तालमीत गेलं. फुटबॉल मला तेव्हा कळला नाही आणि पुढं कळून घेतला नाही. त्यावरून आमची भांडणंही झाली. एकदा मी रागानं म्हणालो, "त्या कॉलेजनं तुला काय दिलं गं? साधी शिपायाची नोकरी तरी तुझ्या भावाला दिली का?" ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "टीम म्हंजे माहेर हाय. माहेर काय देतंय म्हणून बाई जाती व्हय तितं?"

संदीपला दहावीला चांगले मार्क पडले. त्याला दुसरं, नावाजलेलं कॉलेज मिळत होतं. हिनं हट्टानं आपल्याच कॉलेजात घातला. दोन वर्षं तो टीममध्ये राखीव म्हणून बसला आणि दोन वर्षांत मिळून अकरा मिनिटं खेळला. ती अकरा मिनिटं हौसा पाऊण तास सांगायची. जर्मनीत त्याच्या साहेबलोकांसमोरसुद्धा. "चेंडू तीनदा आला त्याच्याकडं," ती सांगायची. संदीप कानकोंडा होऊन म्हणायचा, "आई, त्यातला एक पाठीला लागला होता." "मग? पाठ कुणाची हुती? आपलीच न्हवं?"

नातीला सांभाळायला आम्ही वर्षातून दोन खेपा जर्मनीला जायचो, तीन-तीन महिन्यांच्या. व्हिसा तेवढाच. पहिल्या खेपेला उन्हाळ्यात जर्मनीनं वर्ल्ड कप जिंकला. रस्त्यावर अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. एका बाईनं हौसालाही मारली. हौसा घरी येऊन म्हणाली, "बरं खेळत्यात. पर आपलं कॉलेज न्हवं."

दुसरी खेप मात्र हिवाळ्यात, नेमकी कोल्हापूरच्या सिझनमध्ये. तिची तगमग व्हायला लागली. मग बबननं तोड काढली. मॅच असली की तो मैदानावर पायरीवर बसून इंटरनेटवरून फोन लावायचा आणि सगळी मॅच तोंडानं सांगायचा. तिकडचे तीन म्हणजे इकडचे साडेदहा. पहिल्याच रविवारी कॉलेजचा पोरगा गोलपाशी पोचला आणि हौसा स्वयंपाकघरात ओरडली, "हाण! हाण त्येच्या आयला, हाण!" पाच मिनिटांत दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरची म्हातारी. जर्मनीत रविवारी आवाज करायचा नाही, भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही. पण ती आवाजाची तक्रार करायला आली नव्हती. ती माझ्याकडे रोखून बघत होती, मग हौसाकडे, मग परत माझ्याकडे. संदीप आला, तिच्याशी बोलला आणि हसत सुटला. म्हातारीला वाटलं होतं, मी बायकोला मारतोय.

"तिला सांग," हौसा म्हणाली, "ह्येंची टाप न्हाई."

पण संदीप भाड्याच्या घरात राहतो, त्याला काळजी. म्हणून मग युनिव्हर्सिटीच्या मैदानाकडेचा बाक. तिथं कोण कितीही ओरडो. नऊवारी लुगडं, त्यावर संदीपचा जाड कोट, पायात सुनेचे बूट, अशी हौसा तिथं जाऊन बसायची. समोर युनिव्हर्सिटीच्या पोरांची मॅच चाललेली. एकदा कोल्हापुरात आपला गोल झाला आणि ही उठून नाचायला लागली. त्याच घडीला समोर पाहुण्या टीमनं युनिव्हर्सिटीवर गोल घातला होता. युनिव्हर्सिटीचा गोलकीपर, दोन मीटर उंच पोरगा, तोंड पाडून आमच्याकडे बघत राहिला. मॅच संपल्यावर ती पोरं घोळक्यानं आली. त्यांना वाटलं, ही म्हातारी पाहुण्यांच्या बाजूची. संदीपनं सगळं समजावलं. त्यानंतर ती पोरं तिला 'ओमा' म्हणायला लागली. म्हणजे आजी. मध्यंतर झालं की लांबून ओरडून विचारायची, "ओमा! कोल्हापूर?" ही अंगठा वर किंवा खाली करायची. खाली केला तर ती पोरंही हळहळायची.

मैदान बघणारा एक जर्मन माणूस होता, साठीचा. हौसानं एक दिवस त्याची कॉलर धरायची तेवढी बाकी ठेवली. पेनल्टीचा ठिपका त्यानं चुकीच्या जागी मारलाय, असं तिचं म्हणणं. "दादा बारा धरायचे," ती म्हणाली. दादा म्हणजे तिचे वडील. तिनं दहा बोटं दाखवली आणि वर दोन. त्या माणसानं मान हलवली, "नाइन, नाइन, एल्फ." नाइन म्हणजे नाही, एल्फ म्हणजे अकरा. त्यानं दहा बोटं दाखवली आणि वर एक. जर्मन लोक पेनल्टीला अकरा मीटरच म्हणतात. हिला ते काय ठाऊक. "चोर हाय," ती मला म्हणाली, "येक खातोय." दोघं बोटं दाखवत एकमेकांसमोर उभे. तिला जर्मन येत नाही, त्याला मराठी येत नाही, आणि मला दोघांचं काही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी ती धुतलेलं लुगडं पिशवीत घालून घेऊन आली. तिच्या वडलांकडे टेप नव्हता. ते बायकोचं नऊवारी लुगडं गोलच्या रेषेपासून सरळ अंथरायचे, आणि पुढं नाकापासून बोटापर्यंत हात धरून आणखी तीन वार मोजायचे. नऊ आणि तीन बारा. त्या थंडीत आम्ही दोघांनी जर्मनीच्या गवतावर लुगडं अंथरलं. "शेवटचं तीन वार तुमी मोजा, माजा हात आखूड," ती म्हणाली. मी मोजले. त्या माणसानं आपला लोखंडी टेप काढून शेजारून अकरा मीटर ओढला. माझं बोट आणि त्याचा टेप यात चार बोटांचा फरक निघाला. तो गुडघ्यावर बसून बघतच राहिला. मग उठला, डोक्यावरची टोपी काढली आणि हौसाचा हात हातात घेतला. घरी येताना मी म्हणालो, "म्हणजे त्याचं बरोबर होतं की." ती म्हणाली, "दादांचं बरोबर हुतं. त्येनं निस्तं मान्य केलं."

अशी होती हौसा. हरलेली मॅच तिला जिंकलेल्या मॅचपेक्षा जास्त लक्षात राहायची. "जिकल्यावर अख्खं गाव आपलं आसतंय," ती म्हणायची, "हरल्यावर पोरांची पाणी प्यायची भांडी कोण उचलतंय ते बगावं." लहानपणी तीच उचलायची.

आता त्या शनिवारचं सांगतो. सेमीफायनल होती. गोलमध्ये बबनचा नातू ओंकार. एक-शून्यनं कॉलेज जिंकलं. बारा वर्षांनी फायनल, तीही दुसऱ्याच दिवशी, रविवारी. हौसा वाटेत दोनदा थांबली. दम लागलाय म्हणाली, पण हसत होती. संध्याकाळी सात वाजता भाकरीचं पीठ मळताना ती खाली बसली. "अहो, वाईच पाणी," म्हणाली. पाणी घेऊन आलो तोवर मान कलली होती. गाडी लगेच आली. दवाखान्यात डॉक्टरीण बाईनं संदीपचा हात धरला आणि काहीतरी सांगितलं. मला भाषा येत नाही. पण कळलं.

तेव्हा कोल्हापुरात मध्यरात्र होऊन गेली होती. सकाळी कळवू, असं ठरलं. सकाळी सातला संदीपनं मामाला लावायला फोन उचलला. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"आत्ता नाही," मी म्हणालो. "मॅच संपल्यावर."

"बाबा, तुम्हाला कळतंय का काय बोलताय? त्यांची सख्खी बहीण गेलीये!"

"म्हणूनच. आत्ता सांगितलं तर बबन घरी बसेल. ओंकारला कोण बूट घालू देईल?"

"मग नाही खेळणार! एक मॅच, बाबा!"

मग मी त्याला सांगितलं, जे हौसानं मुलाला कधी सांगितलं नव्हतं. तिचे वडील वारले तो दिवसही मॅचचा होता. पहाटे गेले. बबन कोपऱ्यात बूट घेऊन बसला होता, पण चुलत्यांनी त्याला दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. दुसराच कोणीतरी पोरगा गोलमध्ये उभा केला, त्यानं तीन गोल खाल्ले. हौसानं त्या चुलत्यांच्या घरचं पाणी पुन्हा घेतलं नाही. "दादांचं मरण न्हाई सलत," ती मला म्हणाली होती, "म्हातारं झालं हुतं, गेलं. पर त्येंच्या मैदानावर त्येंचा पोरगा त्या दिवशी न्हवता. ते मातर सलतंय."

संदीपनं फोन परत मागितला नाही. रविवार होता, ऑफिसं बंद, दुसरं काही करण्यासारखंही नव्हतं. मी कोट घातला, फोन घेतला आणि मैदानावर गेलो. थोड्या वेळानं संदीप आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. माझं चुकलं असं कुणी म्हणेल. म्हणू दे. माझ्या बायकोला मी ओळखत होतो.

साडेदहाला फोन वाजला.

"अक्का, लई गर्दी हाय बग आज!"

"बबन, मी आहे."

"दाजी? अक्का कुटं हाय?"

"आज मी ऐकणार. तू सांग."

"तुमी?" बबन हसायला लागला. "दाजी, हापसाइड कशाला म्हणत्यात ठाव हाय का?"

"नाही ठाऊक. सांग की."

त्यानं सांगितलं. शेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी ते नीट ऐकून घेतलं. पुढं तासभर त्यानं पाय आणि चेंडू सोडून दुसरं काही सांगितलं नाही. मध्यंतराला त्यानं परत विचारलं, "अक्का रुसली का काय?" मी म्हणालो, "तू मॅच सांग." ओंकारनं दोन अवघड चेंडू अडवले. पहिला गोल आपण घातला. मग त्यांनी एक फेडला. शेवटची चार मिनिटं राहिली असताना त्यांनी दुसरा घातला. संदीप सरकत सरकत माझ्याजवळ आला होता, त्याचा कान फोनला लागलेला. शिट्टी वाजली ती आम्ही दोघांनी ऐकली. दोन-एक. हरलो.

बराच वेळ फोनवर नुसता गलका. मग बबनचा आवाज आला, बसलेला.

"दाजी, अक्काला येकदम सांगू नगा. तिच्या जिवाला लागंल. आदी पाणी द्या, मग हळूच सांगा."

संदीपनं तोंड फिरवलं.

"बबन," मी म्हणालो, "तू उभा आहेस का? खाली बस. ओंकारला जवळ बोलव."

"बोलवतो. का ओ?"

तो बसेपर्यंत मी थांबलो. आणि मग सांगितलं.