मोरीखालचा वास

महाडला आम्ही भाड्याच्या ब्लॉकमध्ये सामान लावलं, त्याच दुपारी मला तो वास पहिल्यांदा आला. कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती, तेव्हाची गोष्ट. लग्नाला वर्ष झालं होतं आणि मला चौथा महिना लागला होता...

माझे यजमान एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. तोवर ते तिथे मित्रांबरोबर खोली करून राहायचे, मी पोलादपूरला सासरी. तळमजल्यावरच्या या दोन खोल्या म्हणजे आमचं दोघांचं पहिलं घर.

वास कुजका होता. उंदीर मेल्यासारखा, त्यात गटाराचा मिसळलेला. कपाट ओढून बघितलं, माळा झाडला, मोरीत फिनेलची बाटली रिकामी केली, धूप घातला... तासाभरात पुन्हा तोच.

संध्याकाळी हे घरी आले. म्हटलं, "अहो, वास येतोय ना?" त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "मला तर काही येत नाही."

पहिल्या दिवशी वाटलं, दमून आलेत. पण रोज तेच उत्तर. मी ओट्यापाशी नाकाला पदर लावून उभी आणि हे शेजारी पाटावर बसून शांतपणे जेवतायत...

एकदा घरमालकांना बोलावून घेतलं. ते दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. त्यांनी यांनाच विचारलं, आणि हे म्हणाले, "नाही, तसं काही नाही." मालक हसले. "या दिवसांत बायकांना होतं असं," म्हणाले आणि गेले.

सासूबाईंचंही तेच मत, डोहाळे. मला अन्न जाईना. तपासणीला गेले की नर्स ओरडायची, वजन वाढायच्या ऐवजी कमी होतंय म्हणून. मी दुपारभर बाहेर जिन्याच्या पायरीवर बसून राहायची.

हळूहळू मला खरंच वाटायला लागलं की आपल्याच डोक्यात काहीतरी बिघडलंय. मी स्वतःचे हात हुंगायची, साड्या हुंगायची. कुणाला घरी बोलवायची हिंमत होईना... वास असला तर लाज, आणि नसला तर त्याहून वाईट.

दुसऱ्या मजल्यावर सकीनाभाभी राहायच्या. नवरा कुवेतला, त्या दोन मुलींना घेऊन इथे. मला सारखी जिन्यात बसलेली बघून एक दिवस खायला वाफवलेली सांदणं घेऊन आल्या, आणि मी नको नको म्हणेपर्यंत थेट स्वयंपाकघरात शिरल्या. आत जाताच त्यांनी ओढणी नाकाला लावली.

"या अल्ला... कसला वास हाय गो ह्यो? तू राहतेस कशी हितं?"

मी खाली फरशीवर बसले आणि रडायलाच लागले. भाभींना कळेना काय झालं. "रडतेस काय गो? वास हाय ना, काढू आपण," म्हणाल्या. त्यांना काय माहीत, 'वास हाय' एवढं ऐकण्यासाठी मी दीड महिना तडफडत होते...

त्या स्वतः मालकांकडे जाऊन भांडून आल्या. तिसऱ्या दिवशी नाते गावचा गवंडी आला आणि त्याने मोरी फोडली. वरच्या मजल्यांच्या संडासाचा पाइप खाली फुटला होता. कित्येक महिन्यांची घाण आमच्या फरशीखाली मुरलेली.

वास असा उसळला की गवंडी तोंडाला फडकं बांधूनही बाहेर पळाला. मी आणि भाभी दारात उभ्या.

तेवढ्यात हे पहिली पाळी संपवून आले. खड्डा बघून आत गेले. ओट्यावर पोह्यांची ताटली होती ती उचलली, खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले आणि आत बघत बघत पोहे खायला लागले.

गवंड्यानेच विचारलं, "सायेब, तुमाला वास येत नाय?"

यांचा हात थांबला. त्यांनी गवंड्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. त्या नजरेतच मला सगळं कळलं...

सगळे गेल्यावर म्हणाले, "दीड वर्ष झालं." आधी प्लांटचा वास यायचा बंद झाला, तेव्हा वाटलं सवय झाली. मग कशाचाच येईना. कंपनीत कळलं तर काढतील, मला कळलं तर मी नोकरी सोडायला लावीन... म्हणून बोललेच नाहीत.

"मग मला वेडी का ठरवलंत?" मी विचारलं.

म्हणाले, "वास आहे म्हटलं असतं, तर तू विचारलं असतंस, कसला."

मोरी नवी झाली, आठवड्यात वास गेला. दोन महिने मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. पुण्याच्या डॉक्टरांनी यांचं नाक तपासून सांगितलं, आता आशा धरू नका. पुढे त्यांनी कंपनी सोडली आणि वीर स्टेशनवर रिक्षा लावायला लागले.

मुलगी झाली तेव्हा भाभींनी तिचं डोकं हुंगलं आणि सुखाने डोळे मिटून घेतले. भाभी घरी गेल्यावर यांनी तिला उचललं, टाळूवर नाक टेकवलं आणि तसेच बसून राहिले. मग हळूच विचारलं, "कसा येतो गं?"

मला सांगता येईना. दुधासारखा, म्हटलं... उन्हातून आणलेल्या दुपट्यासारखा... ते मान हलवत ऐकत होते. माझा राग त्या दिवशी संपला.

इतकी वर्षं झाली, त्यांचं नाक काही परत आलं नाही. पण आता घरात कुठल्याही खोलीत गेले की आधी मला विचारतात, "काही येतंय का?" मी येतंय म्हटलं, की लगेच शोधायला लागतात...