थोरल्या भावाची हरकत

बु विरातमीचं, म्हणजे विरातमीबाईंचं, काम काय, हे आमच्या इंडोनेशियातल्या सुराबायात कुणाला सांगायला गेलं की लोक हसतात. चार मोठी माणसं एका खोलीत बसवायची आणि ती एकमताने उठतील असं बघायचं, याचे कुणी पैसे देतं? देतात. मी बरीच वर्षं तिच्याबरोबर भिंतीवर कागद चिकटवतोय, म्हणून सांगतो: भांडणं मिटवणं सोपं. आमच्याकडे कुणी भांडतच नाही, हीच खरी पंचाईत. थोरला बोलला की सगळे माना डोलावतात आणि मनातलं मनातच घेऊन घरी जातात. विरातमीला त्या डुलणाऱ्या मानांचा मनस्वी राग आहे, अगदी शाळेत शिकवत होती तेव्हापासून. समजलं का म्हटलं की सगळा वर्ग हो म्हणायचा आणि परीक्षेत सगळा वर्ग आपटायचा.

फेरीबोटवाल्या हांदोयोंनी तिला रमजानात बोलावलं. ईदला बेटांवर गावी जाणाऱ्यांची झुंबड तोंडावर आली होती आणि दुरुस्तीला लावलेली जुनी बोट परत पाण्यात उतरवायची होती. हांदोयो मालक, मधली बहीण सुलास्त्री तिकिटं बघायची, धाकटा गुनादी बोटींची देखभाल. आम्हा तिघांचं एकमत करून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं.

ते तर बसल्या बसल्याच झालं. हांदोयो म्हणाले, बोट शुक्रवारी सुटेल. सुलास्त्री हो म्हणाली. गुनादीही हो म्हणाला, पण टेबलाकडे बघत. मी कागद गुंडाळायला घेतले, तर विरातमीने मला डोळ्यांनीच दटावलं.

एरवी अशा वेळी ती चहा मागवते. कप हातात आला की माणूस सैल होतो. त्या दिवशी सगळ्यांचे रोजे, पाण्याचा घोटसुद्धा नाही. आणि मशिदीत बांग झाली की सगळे खजुरांकडे धावणार, बैठक संपणार, बोट सुटणार. आतून नारळाच्या दुधात शिजणाऱ्या केळ्यांचा वास येत होता. माझ्या पोटात कावळे ओरडत होते.

तिने गुनादीला काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तरी तो बोलला नसता. बापामागे ज्या भावाने वाढवलं, त्याला चारचौघांत नाही कसं म्हणणार? ती हांदोयोंकडे वळली.

"पाक हांदोयो," ती आदराने म्हणाली, "एक अवघड काम आहे. ही बोट का सोडू नये, ते तुम्हीच आम्हाला पटवून द्या."

"माझ्याच शब्दाविरुद्ध मी बोलू?"

"दुसऱ्या कुणाची इथे छाती आहे?"

हांदोयोंचा चेहरा लालबुंद झाला. आता आपल्याला दार दाखवणार, असं मी धरूनच चाललो. पण हिची जिरवू या असं त्यांच्या मनात आलं असावं. म्हणाले, बरं, इंजिन म्हातारं आहे, माझ्यासारखं. बाकं मोडकी. सुलास्त्री हसली आणि तिनेही भर घातली, लाइफ जॅकेटं विटली आहेत म्हणून.

आणखी काय, विरातमीने विचारलं. हांदोयो आठवू लागले, त्यांना आठवेना. ती गप्प बसली. मला ती शांतता सोसेना, काहीतरी बरळून मोडून टाकावीशी वाटत होती. ती मात्र ढिम्म.

"दादा," गुनादी म्हणाला, "तुमच्या बाजूने मी बोलू?"

"बोल."

"गाड्या चढतात तो पुढचा दरवाजा नीट बसत नाही. लाट मोठी असली की पाणी आत येणार. दुरुस्ती झाली, पण मला तिचा भरवसा नाही."

"कधीपासून माहीत आहे?"

"गोदीतून आली तेव्हापासून. पण तोवर तुम्ही वार सांगून मोकळे झाला होतात."

बांग झाली. खजुरांची थाळी कुणीतरी आणून ठेवली. कुणी हात पुढे केला नाही.

हांदोयोंनी थाळी बाजूला सारली. मग म्हणाले, बोट राहू दे. सुलास्त्रीने मान डोलावली, गुनादीनेही डोलावली, आणि या वेळी मी बिनघोर कागद गुंडाळले. पण हांदोयोंचं संपलं नव्हतं.

"शुक्रवारी त्या बोटीने तुझी वहिनी जाणार होती," ते म्हणाले. "तिलाही जाऊ दिलं असतंस?"

उत्तर सुलास्त्रीने दिलं.

"एकटीला नाही, दादा. त्याने परवाच माझ्याकडून त्याच फेरीची तिकिटं नेलीत. स्वतःचं आणि आपल्या दोन्ही पोरांची."