अंकलची अक्षरं

"बस जरा. घाई न्हाय." टेबलाशी कुणी धावत आलं की अंकल स्टूल पुढे सरकवत म्हणायचे. तेही जाहिरात कंपनीत, जिथे प्रत्येक काम कालच हवं असायचं!

मिरा रोडच्या आमच्या ऑफिसात बिल्डरांची होर्डिंग आणि ब्रोशर व्हायची. मी ओळी लिहायचे, अंकल त्यांची अक्षरं काढायचे. उत्तनच्या ख्रिस्ती मच्छीमार घरातले, पन्नाशी उलटलेले. डब्यात सुके बोंबील असले की एसीतल्या सगळ्यांची आधी माफी मागायचे. मग आम्ही त्याच डब्यावर तुटून पडायचो. असा एखादा अंकल तुमच्याही ऑफिसात असेल.

आमचे क्रिएटिव्ह हेड हुशार होते आणि तितकेच विखारी. मीटिंगमध्ये रोज एकाला धरायचे. अंकलची पाळी असली की त्यांच्या बोलण्याची नक्कल व्हायची, "काय हाय, काय न्हाय?" सगळे हसायचे. मीही हसायचे. अंकल वहीत बघत राहायचे.

एक दिवस मला धरलं. इंद्रलोकजवळच्या नव्या इमारतीसाठी लिहिलेली माझी ओळ साहेबांना आवडली नव्हती.

"उभी राहा. मोठ्याने वाच. पगार कशाचा घेतेस ते कळू दे सगळ्यांना."

वाचली.

"अगेन."

सहाव्यांदा माझा आवाजच फुटेना. कुणीतरी मोबाइलवर शूट करत होतं.

अंकल उठले. "साहेब, पोरीला बसू द्या."

"तुम्हाला काय प्रॉब्लेम हाय?"

या वेळी कुणी हसलं नाही.

"माझी नक्कल करा, मी ऐकीन," अंकल म्हणाले. त्यांनी माझी खुर्ची ओढली. "बस गं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं काम बंद झालं. कॉम्प्युटर दुसऱ्याला दिला. रिकाम्या टेबलाशी ते महिनाभर वेळेवर येऊन बसले. मी तक्रार लिहून ठेवली होती, पण सही करायची हिंमत होत नव्हती. ते राजीनामा देऊन गेले, त्या संध्याकाळी सही केली. साहेबांना समज दिली, एवढंच झालं. मग मीही नोकरी सोडली.

रविवारी मी उत्तनला गेले. अंकल भावाच्या बोटीवर नाव रंगवत होते.

"अंकल, तुमची नक्कल व्हायची तेव्हा मीपण हसायचे," मी कसंबसं म्हटलं.

"म्हाईत हाय." ब्रश थांबला नाही. "तुझा हसू खोटा होता. मला कळायचा."

मला रडू आलं. त्यांनी ते पाहिलं आणि घराकडे हाक मारली, "आज एक ताट जास्ती वाढा!"

त्यानंतर वर्षातून दोन-तीनदा तरी मी त्यांच्याकडे जेवायला जायचे.

गेल्या पावसाळ्यात अंकल गेले. अंत्यविधी आटोपल्यावर चर्चमधून निघून मी किनाऱ्यावर आले. ओढून ठेवलेल्या सात बोटींवर त्यांची अक्षरं होती. आठवीवर नाव अर्धंच रंगवलेलं होतं. पुढची अक्षरं नुसती खडूने आखलेली.